सिग्नस एक्स-१ च्या ग्राफमधला खड्डा

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट. मी पुण्यात ॲस्ट्रोसॅटच्या डेटावर काम करत होते, इस्रोनं २०१५ मध्ये सोडलेली आपली अवकाशातली दुर्बीण. सोर्स, म्हणजे ज्याचे एक्स-रे बघायचे ते, होता सिग्नस एक्स-१, साधारण ७,२०० प्रकाशवर्षांवरचं कृष्णविवर, सूर्याच्या २१ पट वजनाचं. एक प्रचंड तारा संपला आणि हे मागे उरलं. त्याचा जोडीदार तारा मात्र अजून जिवंत आहे, निळा, अवाढव्य, आणि दोघं ५.६ दिवसांत एकमेकांभोवती फेरी मारतात. त्या ताऱ्यावरून सुटणारा वायू विवराकडे ओढला जातो, तबकडीत गरगरत लाखो अंश तापतो आणि आपल्याला दिसतात ते एक्स-रे तिथलेच, विवराच्या आतून काही येत नाही.

तर त्या दिवशी संध्याकाळी लाइट कर्व्ह, म्हणजे वेळेनुसार चमक किती याचा ग्राफ, काढला आणि मधेच काउंट्स (दुर्बिणीनं टिपलेल्या एक्स-रेंची मोजणी) धाडकन खाली, तीन-चार मिनिटं तळाशी, मग परत वर. मला वाटलं डेटात लोचा आहे, तेवढा तुकडा कापून टाकावा. सर मागून बघत होते, म्हणाले, "अगं थांब, कापू नकोस. आधी पृथ्वी मधे आली होती का बघ."

उपग्रह दीड-पावणेदोन तासांत एक चक्कर मारतो त्यामुळे दर चक्करीत पृथ्वी आड येतेच, पण त्या वेळा वेगळ्या होत्या. बॅकग्राउंडही, म्हणजे सोर्सचे नसलेले इतर काउंट्सही, शांत. मग मी कमी एनर्जीचा आणि जास्त एनर्जीचा असे दोन ग्राफ एकाखाली एक लावले. वरच्यात खड्डा खोल, खालच्यात जेमतेम दबल्यासारखं. मशीनची चूक असती तर दोन्ही सारखेच पडले असते ना! हे तर कोणीतरी मधे येऊन सॉफ्ट, म्हणजे कमी एनर्जीचे एक्स-रे गिळत होतं, जास्त एनर्जीचे हार्ड आरपार जात होते.

फेज काढला, म्हणजे त्या क्षणी दोघं आपल्या फेरीत कुठे होते ते. शून्याच्या अगदी जवळ, म्हणजे निळा तारा नेमका विवराच्या आणि आपल्या मधल्या बाजूला. त्याचा वारा, म्हणजे त्यावरून सुटणारा वायू, एकसारखा नसतो, गुठळ्या गुठळ्या असतात, त्यातलीच एक दाट गुठळी समोरून सरकत गेली होती. मला खुर्चीत बसवेना. जिवंत ताऱ्याच्या वाऱ्याची सावली मी मिनिटामिनिटानं बघत होते आणि तासाभरापूर्वी तीच कापून टाकणार होते!

रात्री गच्चीवर छोटी दुर्बीण लावली. हंस तारकासमूहाच्या मानेत इटा सिग्नी हा तारा सापडला, आणि त्याच्या शेजारी तो निळा तारा, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा, नवव्या प्रतीचा बारीक ठिपका. खूप वेळ बघत राहिले.