पहिली फुल डिस्टन्स: बेस संपला, बिल्ड सुरू

बेस फेज, म्हणजे हळू सरावाने पाया घालायचा टप्पा, संपली आणि बिल्डच्या, म्हणजे शर्यतीसाठी भार वाढवायच्या, आठवड्यांना तोंड लागलं, म्हणून आतापर्यंतचा हिशेब मांडते आहे. लक्ष्य पूर्ण अंतराच्या ट्रायथलॉनचं, म्हणजे आयर्नमॅनच्या अंतराचं: 3.8 किलोमीटर पोहणं, 180 किलोमीटर सायकल आणि वर 42.2 किलोमीटर धावणं. बहुतेक स्पर्धांत सगळ्याला मिळून 17 तास देतात आणि पोहणं 2 तास 20 मिनिटांच्या आत आटोपावं लागतं. प्लॅन कुठेही मिळतो, मग कोच कशाला, असं बरेच जण विचारतात. सरांनी माझ्याकडून सगळ्यात जास्त काय करून घेतलं असेल तर हळू जाणं. ते छापील प्लॅनमधून शिकता येत नाही, कारण तिथे अडवणारं कुणी नसतं.

सायकलपासून सुरुवात करते, कारण शर्यतीच्या दिवसाचा निम्म्याहून जास्त वेळ तिथेच जातो. 20 मिनिटांच्या टेस्टमध्ये सरासरी 190 वॉट आले. त्याचे 95 टक्के धरले की एफटीपी (साधारण तासभर टिकवता येईल अशी कमाल पॉवर) 180. मला वाटलं होतं, आता लांब राइड 145-150 ला धरायची. सरांनी आकडा दिला 122 ते 130, म्हणजे एफटीपीच्या 68 ते 72 टक्के. वर स्पष्ट सांगितलं, "चढावर 150 च्या वर गेलीस तर राइड तिथेच संपव आणि घरी जा." सपाटीवर सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते, आणि ही ताकद वेगाच्या घनाने वाढते. वेग 10 टक्क्यांनी वाढवायचा तर हवेसाठी जवळपास 33 टक्के जास्त वॉट मोजावे लागतात. एवढी उधळपट्टी करून 180 किलोमीटरमध्ये अर्धा-पाऊण तास वाचतो, आणि पाय गळाले तर तो मॅरेथॉनमध्ये व्याजासकट परत जातो. त्यापेक्षा त्याच वॉटमध्ये एरो बारवर (हँडलच्या पुढे कोपर टेकून धरायच्या दांड्यांवर) खाली वाकून राहायची सवय फुकट वेग देते. म्हणून आता लांब राइडमध्ये माझं खरं काम मान आणि कंबर न कुरकुरता त्या पोझिशनमध्ये टिकवणं हे आहे. दर 20 मिनिटांनी थोडं उभं राहून पॅडल मारते, पाठ मोकळी करते आणि परत खाली.

प्रगती मोजायला सर वेगाकडे बघतच नाहीत. ते राइडचे दोन भाग करतात आणि वॉट व हृदयाचे ठोके यांचं प्रमाण दुसऱ्या भागात किती घसरलं ते पाहतात. सुरुवातीला माझी घसरण 9 टक्के होती. म्हणजे पॉवर तीच, पण उत्तरार्धात ठोके चढत जायचे. आता चार तासांच्या राइडमध्ये ती 4 टक्क्यांवर आली आहे. 5 च्या आत आल्याशिवाय बिल्ड सुरू करायचा नाही असं त्यांनी आधीच बजावलं होतं. मला या सगळ्या काळातला हाच आकडा सगळ्यात जास्त आवडला. एफटीपी थोडाच वाढला, पण इंजिन टिकाऊ झालं हे यातून कळलं.

ब्रिकबद्दल, म्हणजे सायकलला जोडून लगेच धावायच्या सरावाबद्दल, सविस्तर लिहायचंय. लांब राइडनंतर सायकल लावली, हेल्मेट काढलं, बूट बदलले की लगेच धावायला लागायचं. आपण चिखलातून चाललोय असं वाटत असतं, आणि घड्याळात पाहावं तर पेस ठरल्यापेक्षा कितीतरी जलद! कितीतरी वेळ सायकलच्या वेगाची सवय झालेली असते, कॅडन्सही (पॅडल फिरवायची गती) पायांत भिनलेला असतो, त्यामुळे अंगाला अंदाजच येत नाही. सरांनी यावर उपाय म्हणून पहिले तीन किलोमीटर घड्याळाच्या स्क्रीनवरून पेस काढूनच टाकायला लावला. फक्त ठोके दिसतात, आणि ते ठरलेल्या मर्यादेच्या वर गेले की चालायचं. चालायचं म्हणजे खरंच चालायचं, जॉगिंग नाही. आधी जिवावर यायचं. आता त्या तीन किलोमीटरमध्ये श्वास जागेवर येतो, खांदे सैल होतात, आणि मग पावलं आपोआप लयीत पडतात. शर्यतीतही एड स्टेशनला (वाटेतल्या खाण्यापाण्याच्या टेबलांपाशी) चालतच पाणी प्यायचं ठरलंय, पहिल्यापासून, दमायची वाट न पाहता.

पोहण्यात फार सांगण्यासारखं नाही. सीएसएस टेस्टमध्ये (बराच वेळ टिकवता येईल असा पोहण्याचा वेग काढायची चाचणी) 400 मीटर 8:16 आणि 200 मीटर 4:02. फरक 4:14, त्याचा निम्मा म्हणजे 100 मीटरला 2:07. आधी हाच पेस 2:18 होता. शर्यतीत 2:20 ने गेले तरी दीड तासाच्या आत बाहेर पडेन. एकाच गोष्टीवर मेहनत चालू आहे, ती म्हणजे सायटिंग, पोहता पोहता समोर बघून दिशा धरणं. बोया (मार्ग दाखवणारा तरंगता फुगा) बघायला पूर्ण डोकं वर काढलं की कंबर बुडते आणि पाय ओढायला लागतात. म्हणून पुढचा हात पाण्याला दाब देतो त्याच क्षणी फक्त डोळे पाण्याबाहेर, गॉगलच्या खालच्या कडेला पाणी असतानाच, आणि लगेच मान बाजूला वळवून श्वास. तलावाच्या टोकाला एक रंगीत बाटली ठेवते आणि दर आठ स्ट्रोकला ती शोधते.

पोषण हा मला चौथा खेळच वाटतो. आतडी तासाला साधारण 60 ग्रॅम ग्लुकोज शोषतात, त्यापुढे वाट तुंबते. फ्रुक्टोज वेगळ्या वाटेने आत जातं, म्हणून दोन्हींचं मिश्रण घेतलं तर 90 ग्रॅमपर्यंत मजल जाते. मी 45 पासून सुरुवात केली आणि हळूहळू 75 वर आले. सात तासांच्या सायकलिंगला हे सव्वापाचशे ग्रॅम होतात, आणि ते पोटाला शिकवावं लागतं, पायांना शिकवतो तसंच. घड्याळात दर 15 मिनिटांनी गजर आहे. भूक असो नसो, घोट घ्यायचाच.

पाण्यासाठी राइडच्या आधी आणि नंतर वजन करते. दीड तासात 1.1 किलो कमी, वर 600 मिलिलिटर प्यायले होते, म्हणजे घाम 1.7 लिटर, तासाला 1.1 लिटरच्या आसपास. सगळं भरून काढायला जायचं नाही, आणि नुसतं पाणी ढोसणं तर अजिबात नाही, त्याने रक्तातलं सोडियम खाली येतं. 1978 साली हवाईत पहिली आयर्नमॅन झाली तेव्हा 15 जण उतरले आणि 12 जणांनी ती पूर्ण केली. सायकल संपवून धावायला सुरुवात झाली तेव्हा जॉन डनबार पुढे होता. मॅरेथॉनमध्ये त्याच्या साथीदारांकडचं पाणी संपलं आणि त्यांनी त्याला बिअर दिली! गॉर्डन हॅलर 11 तास 46 मिनिटं 58 सेकंदांत जिंकला. पहिल्याच शर्यतीपासून पाण्याचा प्रश्न असा निर्णायक आहे, म्हणून मी बाटल्यांच्या हिशेबात इतका जीव घालते.

पुढचे आठवडे जड आहेत: तीन आठवडे चढते, चौथा हलका. हलक्या आठवड्यात पाय शिवशिवतात, तरी जादा काही करायचं नाही, कारण शरीर त्याच दिवसांत बांधलं जातं. मग पाच तासांची राइड आणि त्यावर शर्यतीच्या पेसने तासभर धाव, ही खरी रंगीत तालीम. त्यात शर्यतीच्याच कपड्यांत, त्याच बाटल्यांनी, त्याच एनर्जी जेलने जायचं आहे. पुढची एक बाटली एरो बारच्या मध्ये ठेवायची की दोन्ही फ्रेमवर, हे अजून ठरत नाहीये. मध्ये असली की पोझिशन न सोडता पिता येतं, पण खडबडीत रस्त्यावर ती खूप हलते. दोन्ही प्रकारे चालवून बघते आणि 75 ग्रॅमचा हिशेब कुठे जास्त नीट पाळला जातो ते तालमीनंतरच्या नोंदीत लिहिते.