साठ डॉलरचं शेत आणि फुकटातला बिल्ला

‘आजवर कुणी मेटल डिटेक्टर (जमिनीतला धातू शोधणारं मशीन) फिरवलेला नाही असं शेत, माणशी ६० डॉलर’ अशी जाहिरात दिसली तर जाऊ नका. आम्ही दोघं पहाटे न्यू जर्सीहून निघून पेनसिल्व्हेनियात पोचलो, तर शेताची आधीच चाळण झालेली. आधीच्या लोकांनी खड्डेसुद्धा बुजवले नव्हते. मका कापलेला, पण धसकटं नडगीपर्यंत. कॉइल, म्हणजे मशीनची खालची तबकडी, जमिनीला टेकेना, धसकटावर आपटली की खोटा आवाज. सहा तासांत मिळालं काय? काडतुसांची अकरा पितळी बुडं आणि सोड्याच्या कॅनच्या कड्या. पार्किंगचे १० डॉलर वरून! मार्चच्या अखेरीस, पेरणीआधी गेलात तर निदान धसकटं कुजलेली असतात.

रविवारी वैतागून रस्त्यालगतच्या एका घराचं दार ठोठावलं. आजीबाई म्हणाल्या, लॉन सोडून कुठेही खणा. पैसे नाहीत, काही नाही.

पडक्या जोत्याच्या कडेला एक ठाम सिग्नल आला. मशीन आडवं-उभं फिरवलं तरी पडद्यावरचा आकडा हलेना. वीतभर खोल पितळी चकती होती. बटण समजून फेकणारच होतो, पण मागे कडी नाही आणि वरच्या बाजूला भोक! थुंकी लावून अंगठ्याने पुसली, तर ओंडक्यांची झोपडी दिसली. विल्यम हेन्री हॅरिसनच्या १८४० च्या अमेरिकी अध्यक्षपदाच्या निवडणुकीचा बिल्ला. भोकात फीत ओवून लोक तो कोटाला लावत. विरोधकांनी ‘म्हातारा झोपडीत सायडर पीत बसेल’ म्हणून टिंगल केली, तर हॅरिसनच्या लोकांनी झोपडीच प्रचाराची खूण केली. गडी जन्मला होता व्हर्जिनियातल्या वाड्यात! निवडून आला आणि १८४१ मध्ये शपथ घेतल्यावर महिन्याभरात गेला.

पँट मोज्यात खोचा. गोचिड्या थंडीतही असतात. नॅशनल पार्कात मशीन चालवायला बंदी आहे. आणि सुट्टीत ते भारतात नेऊन गडावर जायचं डोक्यात असेल तर विसरा, आपल्याकडे १८७८ पासून निखात निधीचा, म्हणजे जमिनीत पुरलेल्या धनाचा, कायदा आहे.

सापडलेलं घासू नका. ते देवघरातलं ताम्हण नव्हे. पाण्यात भिजत ठेवा, माती आपोआप सुटते. माझ्या अंगठ्याखाली वाळूचा एक कण होता. झोपडीच्या छपरावरून आता लखलखीत ओरखडा गेलाय.