पहिली आरती अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी

ज्येष्ठ वद्य सप्तमीला तुकोबांची पालखी देहूच्या देवळातून निघते, पण पहिला मुक्काम गावातच, इनामदार वाड्यात. वाट धरायची ती दुसऱ्या दिवशी. आणि गाव सोडलं की पहिली अभंग-आरती होते अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी. या फकिराचा कटोरा कुणाच्याच दानाने भरेना, तुकोबांच्या लेकीने चिमूटभर पीठ घातलं आणि तो भरला, ही कथा वारकरी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत. श्रीगोंद्याच्या सूफी शेख महंमदांनाही याच मंडळींनी ‘कबीराचा शेखा’ म्हणून आपल्यात घेतलं.

इथे दर्शनाच्या ओढीने ओळ सोडू नये. पुढचे थांबलेले असतात, मागचा रेटा चालूच असतो आणि दिंडी तुटते. म्हणून आम्ही थांबायच्या आधीच ओळी जवळ घेतो: पताका पुढे, मग टाळकरी, मृदंग, विणेकरी, मागे तुळस घेतलेल्या बाया. चुकलात तर दिंडीचं नाव सांगत फिरू नका. रथापुढे की रथामागे आणि कितवा नंबर, एवढं सांगा. कुणीही पोचवतं.

आरतीनंतर सगळे एकमेकांच्या पाया पडतात. पंच्याहत्तरीची आजी कॉलेजच्या पोरापुढे वाकते आणि पोरगा ‘अहो, नको नको’ म्हणत मागे सरकतो. तसं करू नये. तिच्याबरोबरच वाकावं, ‘माऊली’ म्हणावं. आधी कोण, नंतर कोण, हा हिशेबच इथे नाही. सूफी कवी रूमींच्या वाटेवरचे मेवलेवी दरवेशही असेच एका वेळी एकमेकांचा हात चुंबतात. मला या दोन्ही रीती सख्ख्या बहिणी वाटतात. वाकताना गळ्यातले टाळ डाव्या हातात धरावेत, नाहीतर समोरच्याच्या कपाळाला लागतात. डोक्यावर तुळस असलेल्या बाईला मात्र वाकता येत नाही, तिला आपणच नमस्कार करावा.

पुढे चिंचोली, निगडी, मग आकुर्डीचा मुक्काम. तिथे पंगत बसली की भिशी, म्हणजे दिंडीतल्या जेवणाची वर्गणी, भरली का, हे कुणी विचारत नाही; बसलेल्याला उठवायचं नाही. सूफींच्या लंगरातही हाच कायदा. नव्या माणसाला पहिल्याच रात्री आम्ही वाढायला उभं करतो, पण मीठ आणि पाणी हातात देऊन. आमटी जुन्यांकडेच, कारण नवखा भरभरून वाढतो आणि शेवटच्या ओळीला पातेलं रिकामं होतं. पाणी घेऊन दोन फेऱ्या झाल्या की कोण कुठल्या गावचं, कुणाला कमी ऐकू येतं, कुणाच्या पायाला फोड आलेत, हे त्याला कळलेलं असतं.