कार्ल श्मिट वाचतोय, आणि चिडतोय

दोन महिने झाले कार्ल श्मिट हा जर्मन कायदेपंडित वाचतोय. मित्रांना सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला, "तो नाझी होता ना?" होता की. १ मे १९३३ ला पक्षात गेला, पुढच्या वर्षी हिटलरने आपल्याच लोकांचे मुडदे पाडले तर या कायद्याच्या प्रोफेसरने 'फ्यूरर कायद्याचं रक्षण करतो' असा लेख लिहिला. तिथे खरंच पुस्तक बाजूला टाकलं होतं.

पण त्याचं १९२२ चं एक वाक्य पिच्छा सोडत नाही: सार्वभौम तो, जो अपवादाच्या स्थितीचा निर्णय घेतो. शाळेत नागरिकशास्त्रात सार्वभौम म्हणजे 'बाहेरच्या कोणाचं नियंत्रण नसलेलं' एवढं लिहिलं की दोन मार्क, विषय संपला. हा बाबा विचारतो, नेहमीचे कायदे बाजूला ठेवायची वेळ आली हे ठरवणार कोण, कारण संकट कसं येईल हे कुठल्याच कलमात आधी लिहून ठेवता येत नाही.

वहीत मी आधी 'आणीबाणी' लिहिलं होतं, मग खोडलं. तो शब्द आला की आपल्याला थेट १९७५ दिसतं, आणि ती तर कलम ३५२ खाली राष्ट्रपतींच्या सहीने कागदोपत्री रीतसर आलेली, श्मिटचा अपवाद असा कलमात मावत नाही. मग वाटलं फरक तरी कितीसा, वायमारचं, म्हणजे हिटलरआधीच्या जर्मन राज्यघटनेचं, संकटकाळासाठीचं कलम ४८ सुद्धा कागदावरच होतं की, १९३३ मध्ये जर्मन संसदेला आग लागली आणि दुसऱ्याच दिवशी त्याच कलमाखाली लोकांचे हक्क गुंडाळले. आपल्या संविधान सभेत ह. वि. कामथ १९४९ मध्ये याच जर्मन कलमाची आठवण करून देत होते, फार कोणी ऐकलं नाही.

श्मिटचा कट्टर विरोधक हान्स केल्सन, हाही कायदेपंडितच. राज्यघटनेचा रखवालदार कोर्ट, असं केल्सनचं म्हणणं, श्मिटचं म्हणणं राष्ट्राध्यक्ष. १९३३ मध्ये दोघे जर्मनीतल्या कोलोन विद्यापीठात एकाच फॅकल्टीत, आणि श्मिटला तिथे आणायला केल्सननेच पाठिंबा दिलेला. ज्यू म्हणून केल्सनला काढलं तेव्हा बाकी सहकाऱ्यांनी त्याच्यासाठी अर्ज केला, सही केली नाही ती एकट्या श्मिटने. निर्णयावर एवढं लिहिणाऱ्याचा हा निर्णय!

आता केल्सन आणलाय. भयंकर कोरडा आहे, वीस पानांत तीनदा डुलकी लागली.