एकाच तारेवर अकरा आठवडे

मंडळी, अकरा आठवडे झाले. रोज रात्री जेवणं उरकली की पाऊण तास, आणि त्यातला बहुतेक वेळ गिटारच्या फक्त दुसऱ्या तारेवर. ठरवल्याप्रमाणे अमेरिकन जॅझ गिटारवादक मिक गुडरिक यांचं ‘द अ‍ॅडव्हान्सिंग गिटारिस्ट’ सुरुवातीपासून घेतलं. १९८७ सालचं हे पुस्तक. तयार फ्रेजेस घ्या, घोटा आणि वाजवा, असा त्याचा बाज नाही. गुडरिक काम देतात आणि उत्तर आपल्यावर सोडतात. पहिलं काम हेच: एक तार घ्या आणि तिच्यावर संगीत करा. याला त्यांनी ‘युनिटार’ म्हटलंय. तो शब्द वाचला आणि डोळ्यांसमोर वारीतली एकतारी उभी राहिली.

पहिले तीन आठवडे स्वर शोधण्यात गेले. दुसरी तार मोकळी सोडली की बी. मग सी पहिल्या फ्रेटवर, म्हणजे पडद्यावर, डी तिसऱ्या, ई पाचव्या, एफ सहाव्या, जी आठव्या, ए दहाव्या आणि बाराव्यावर पुन्हा बी. सहाही तारांवर बोटांना पाठ असलेले साचे इथे उपयोगाचे नाहीत. स्वर किती लांब आहे हे एका तारेवर हाताला कळतं, कारण तितकं अंतर हात खरोखर सरकतो. ई ते एफ एवढंसं आणि एफ ते जी दुप्पट, हे कागदावर मला वीस वर्षं माहीत होतं. मनगटाला ते आत्ता कळलं.

चौथ्या आठवड्यापासून खाली एक कॉर्ड (एकत्र वाजणारे तीन-चार स्वर) सुरू ठेवून तेच सात स्वर वाजवायला लागलो. मजा इथे आहे. स्वर तेच, पण डीवर ‘सा’ धरला की काफी, ईवर धरला की भैरवी, एफवर धरला की कल्याण. जॅझवाले यांना डोरियन, फ्रिजियन, लिडियन म्हणतात, आपल्याकडे हीच मूर्च्छनेची कल्पना. एफचा कॉर्ड वाजत असताना बी लावा आणि तिथेच थांबून ऐका. तीव्र मध्यम अंगावर येतो. बीवर ‘सा’ धरला की मात्र पंचम हरवतो, म्हणून त्याला थाटांत, म्हणजे आपल्या रागांच्या मूळ साच्यांत, जागा नाही. ते सातवं घर मी अजून नीट राहून पाहिलेलं नाही.

आमच्या मजल्यावर एक काकू सतार वाजवतात. सहाव्या आठवड्यात त्या मुद्दाम दार वाजवून आत आल्या. दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाल्या, “अरे, आमच्याकडे गाणं बाजाच्या तारेवरच चालतं, तू काही वेगळं करत नाहीयेस. पण पाचव्या पडद्यावरून सहाव्यावर जाताना घाई करतोस. जवळचं घर म्हणून पळत जाऊ नये.” नंतर रेकॉर्डिंग ऐकलं. काकूंचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. त्या अर्ध्या स्वरावर प्रत्येक वेळी माझी लय पुढे पळत होती. मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ५० ठोक्यांवर आणून तेवढी एकच जागा आठ दिवस घासली. आता बसली आहे.

या काळात गुडरिक यांना सलग ऐकलं. जन्म १९४५ चा, पेन्सिल्व्हेनियातल्या शॅरन गावचा. बॉस्टनला बर्कली या संगीत महाविद्यालयात शिकले आणि पुढे तिथेच शिकवू लागले. न्यू इंग्लंड कन्झर्व्हेटरीतही शिकवलं. सत्तरच्या दशकात ते व्हायब्राफोनवादक गॅरी बर्टन यांच्या बँडमध्ये होते. १९७४ ला एकोणीस-वीस वर्षांचा पॅट मेथीनी त्या बँडमध्ये आला, आणि एकाच बँडमध्ये दोन गिटार झाल्या. ‘रिंग’ आणि ‘ड्रीम्स सो रिअल’ हे त्या बँडचे दोन अल्बम हेडफोन लावून ऐका. मेथीनीची बारा तारांची इलेक्ट्रिक गिटार चमकते, आणि गुडरिक तिच्या आजूबाजूला अशी जागा सोडतात की दोन्ही स्वच्छ ऐकू येतात. साथ कशाला म्हणतात ते मला तिथे समजलं. स्वतःच्या नावाचा ‘इन पासिंग’ १९७९ चा, जॉन सर्मन, एडी गोमेझ आणि जॅक डीजॉनेट यांच्यासोबत. त्यातली त्यांची ‘समर बँड कॅम्प’ ही रचना मी या महिन्यात रोज ऐकली. स्वतःच्या नावाचे अल्बम थोडेच, पण जॉन स्कोफिल्ड, माइक स्टर्न, वोल्फगँग मुथश्पील, ज्युलियन लेज हे सगळे त्यांच्या हाताखाली शिकले आणि यातला एकही दुसऱ्यासारखा वाजवत नाही. माझ्या लेखी एवढी मोठी कारकीर्द फार थोड्या गिटारवाल्यांची आहे. २०२२ च्या नोव्हेंबरात ते गेले.

शेवटचे तीन आठवडे थोडा वेळ त्यांच्या दुसऱ्या आवडत्या विषयाला दिला: कॉर्ड बदलताना त्यातला प्रत्येक आवाज, म्हणजे एकेका तारेवरचा स्वर, जवळात जवळच्या स्वरावर नेणं. चौथी, तिसरी आणि दुसरी तार पाचव्या फ्रेटवर आडवी दाबा. जी, सी, ई, म्हणजे सी मेजर. आता एफकडे जा: सी जागीच राहतो, जीचा ए आणि ईचा एफ होतो. असंच चार-चार स्वर चढत, सी मेजरच्याच स्वरांत, पुढे जात राहा. दर वेळी एक आवाज थांबतो आणि दोन एकेक पायरी चढतात. एफ, बी डिमिनिश्ड, ई मायनर, ए मायनर, डी मायनर... आणि सातव्या कॉर्डला, जी मेजरला, तिन्ही बोटं बाराव्या फ्रेटवर पुन्हा एका आडव्या रेषेत येतात. पहिल्यांदा ते झालं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मी गिटार मांडीवर तशीच धरून बसलो, आणि मग पुन्हा पाचव्या फ्रेटवरून सुरुवात केली.

सध्याची स्थिती: काफी आणि कल्याण मोकळेपणाने पाच-पाच मिनिटं वाजतात. भैरवीत अजून तीच-तीच वळणं येतात. डाव्या तर्जनीला नवा घट्टा पडलाय, बोटाच्या टोकाला नाही तर कडेला, सरकण्याच्या जागी.

सोमवारपासून दुसरी आणि तिसरी अशा दोन शेजारच्या तारा घेणार. तुमच्यापैकी कोणी हे केलं असेल तर एवढं सांगा: खालचा कॉर्ड एकच ठेवला होता की दर आठवड्याला बदलला?