टर्मिनलमधल्या एडिटरपर्यंत की पोचत नाही, बाइट पोचतात

विम, ईमॅक्स किंवा नॅनोसारखा टेक्स्ट एडिटर टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, चालवताना कीबोर्डवरची एखादी की भलतंच काही करू लागली, की बहुतेक जण आधी एडिटरचं कॉन्फिग (सेटिंगची फाइल) उघडतात. माझ्या मते ते सगळ्यात शेवटी उघडावं. कोणती की दाबली हे टर्मिनल एडिटरला कळवतच नाही. ते फक्त बाइट, म्हणजे ० ते २५५ मधले आकडे, पाठवतं, आणि त्यावरून एडिटर की ओळखतो.

कंट्रोलसोबत अक्षर दाबलं की त्याच्या आस्की कोडचे (अक्षराला ठरवून दिलेल्या आकड्याचे) खालचे पाच बिट तेवढे उरतात. आय हे नववं अक्षर, म्हणून कंट्रोल-आय म्हणजे ९, आणि टॅबही ९च. कंट्रोल-एम आणि एंटर दोन्ही १३, कंट्रोल-[ आणि एस्केप दोन्ही २७. म्हणूनच साध्या टर्मिनलवर विममध्ये कंट्रोल-आयला मॅपिंग (कीला नेमून दिलेलं नवं काम) दिलं की टॅबही तेच काम करू लागते.

खरी गुंतागुंत एस्केपची आहे. वरचा बाण म्हणजे तीन बाइट: एस्केप, [ आणि ए. टर्मिनलच्या ॲप्लिकेशन मोडमध्ये, जो एडिटरसारखे प्रोग्राम चालू करतात, [ च्या जागी ओ येतो. ऑल्ट-एक्स म्हणजे एस्केप आणि मागोमाग एक्स. त्यामुळे २७ आला की ही नुसती एस्केप आहे की पुढे आणखी काही येतंय, हे कळायला एडिटरला थांबावंच लागतं. विममध्ये हा वेळ टीटाइमआउटलेन हा पर्याय ठरवतो. तो उणे असेल तर टाइमआउटलेन लागू होतो, म्हणजे मुळात १००० मिलिसेकंद. टीटाइमआउटलेन ५० ठेवा. मध्ये टीमक्स (एका टर्मिनलमध्ये अनेक सत्रं चालवणारा प्रोग्राम) असेल तर त्याचा एस्केप-टाइमही तपासा. जुन्या आवृत्त्यांत तो ५०० असतो, १० पुरतो. मात्र संथ एसएसएचवर (दूरच्या मशीनशी जोडणीवर) वेळ फार कमी केला तर बाणाचे बाइट फुटतात आणि एस्केप वेगळी धरली जाते. मग विम ओ ही आज्ञा समजून वर नवी ओळ उघडतो आणि तिथे बाणानुसार ए, बी, सी किंवा डी उमटतो. अशा वेळी वेळ १०० किंवा २०० करा.

बॅकस्पेस काही टर्मिनलांत १२७ पाठवते, काहींत ८. ८ म्हणजेच कंट्रोल-एच, त्यामुळे ईमॅक्समध्ये अक्षर खोडण्याऐवजी मदत उघडते. टर्मिनलच्या सेटिंगमध्ये १२७ निवडणं हा सरळ उपाय. विममध्ये आधीचा मजकूर खोडलाच जात नसेल तर तो प्रश्न वेगळा: बॅकस्पेस पर्यायात इंडेंट, ईओएल आणि स्टार्ट हवेत.

तपासायचं कसं? शेलमध्ये (टर्मिनलमध्ये आज्ञा घेणाऱ्या प्रोग्राममध्ये) कॅट -व्ही ही आज्ञा चालवा, आधी कंट्रोल-व्ही आणि मग हवी ती की दाबा. कंट्रोल-व्ही विसरू नका, नाहीतर बॅकस्पेससारख्या की टर्मिनल ड्रायव्हरच (टर्मिनल आणि प्रोग्राम यांमधला सिस्टिमचा भाग) गिळतो. ^[ दिसलं तर ती एस्केप. विमच्या इन्सर्ट मोडमध्येही कंट्रोल-व्ही असंच चालतं. दोन कींचे बाइट सारखेच दिसले, तर एडिटरचं कोणतंही मॅपिंग त्या वेगळ्या करू शकत नाही. बाइट ठीक असूनही एडिटर चुकत असेल तर टर्मिनलचा प्रकार सांगणारं टर्म व्हेरिएबल पाहा. टीमक्सच्या आत ते स्क्रीन किंवा टीमक्सने सुरू होणारं हवं. शेलच्या फाइलमध्ये जबरदस्तीने एक्सटर्म लिहून ठेवलेलं असेल तर ती ओळ काढून टाका.

कंट्रोल-आय आणि टॅब वेगळ्या हव्याच असतील तर किटी या टर्मिनलचा कीबोर्ड प्रोटोकॉल (की कळवायची पद्धत) आहे. त्यात कंट्रोल-आय एस्केप, [ आणि १०५;५यू अशी जाते: १०५ हा आयचा कोड, ५ म्हणजे कंट्रोल. पण टर्मिनल, टीमक्स आणि एडिटर या तिघांनाही ही नवी पद्धत कळायला हवी.