तुम्ही विचारलंत म्हणून: भागीदाराशी भांडणं होतात का?

कॉलेजांत बोलायला बोलावतात तेव्हा शेवटी हा प्रश्न येतोच. कधी मागच्या बाकावरून, कधी चहाच्या वेळी कोपऱ्यात गाठून. "मॅडम, मित्राबरोबर कंपनी काढायचीय. पण भांडण झालं तर? तुमची होतात का?" मंचावर मी "सगळ्यांचीच होतात" म्हणून हसून निसटते. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट सांगते.

आम्ही दोघं एका बॅचचे. तो निफाड तालुक्यातला, शेतकऱ्याचा मुलगा. मी पुण्याची, सर्किटं, सॉफ्टवेअर आणि हिशेब माझ्याकडे. कांदा चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, बसवायचं यंत्र आम्ही बनवतो. ते तापमान, दमटपणा आणि सडू लागलेल्या कांद्यातून सुटणारा वायू मोजतं आणि मोबाइलवर कळवतं. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये चाळीत जातो, म्हणून आमचा धंदा त्याच्या आधीच्या दोन-तीन महिन्यांत. शेतकरी यंत्राचे पैसे देतो ते मात्र लाल कांद्याच्या पट्टीतून, म्हणजे तो विकून आलेल्या पैशातून. तो कांदा टिकत नाही, हिवाळ्यातच विकावा लागतो.

८ डिसेंबर २०२३ला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. भाव कोसळले आणि बुकिंग रद्द करणारे फोन सुरू झाले. माझा भागीदार एकेकाला म्हणत गेला, "काका, ॲडव्हान्स परत पाठवतो, काळजी करू नका." ३१ जणांचे पाच-पाच हजार. मला कळलं ते बँकेच्या मेसेजांवरून, एकामागून एक टुणटुण वाजत आले तेव्हा.

मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. "कंपनी म्हणजे तुझ्या गावची जत्रा आहे का?" हे त्यातलं सौम्य वाक्य. पण त्याच भांडणात माझंही एक बिंग फुटलं. नोव्हेंबरचे पगार मी माझी एफडी मोडून केले होते, त्याला न सांगता. त्याला टेन्शन नको म्हणून! तो शांतपणे म्हणाला, "मग मी कोण आहे इथे?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी आणखी जोरात बोलले.

त्यानंतर ११ दिवस अबोला. सहा माणसांच्या ऑफिसात अबोला लपत नाही. आई-बाबांचं वाजलंय हे मुलांना कळावं तसं सगळ्यांना कळलं, आणि ऑफिसातली माणसं आम्हा दोघांना वेगवेगळं विचारून सोयीचं उत्तर घ्यायला लागली. एका पठ्ठ्याने माझ्याकडून घरून काम करायची परवानगी काढली आणि त्याच्याकडून फिरतीचा भत्ता. एकाच दिवसाचा.

खरी पंचाईत कागदावर होती. शेअर निम्मे-निम्मे. मित्र आहोत ना! कंपनी कायद्यात साध्या ठरावाला निम्म्याहून जास्त मतं लागतात, विशेष ठरावाला पाऊण हिस्सा. निम्म्या-निम्म्यात कोणालाच काही करता येत नाही, फक्त समोरच्याला अडवता येतं. कंपनी नोंदवली तेव्हा आमचे सीए म्हणाले होते, "आत्ता गोडीत आहात तोवर लिहून ठेवा, नंतर वकिलाकडून लिहून घ्यावं लागेल." आम्ही हसलो होतो.

अबोला फुटला तो गाडीत. लासलगावजवळच्या एका चाळीतलं यंत्र खोटे इशारे देत होतं, दोघांनाही जाणं भाग होतं. चाकणच्या ट्रॅफिकमध्ये भांडलो, नारायणगावपर्यंत गप्प बसलो, आळेफाट्याला चहा घेतला आणि संगमनेर येईस्तोवर आकडे बोलायला लागलो. गाडीत समोर बघत बोलता येतं, तोंडाकडे बघावं लागत नाही, याचा मोठा आधार झाला. आम्हाला आर्थिक मदत करणाऱ्यांनी आधी एक 'संवाद कार्यशाळा' घेतली होती, रंगीत चिठ्ठ्या भिंतीवर चिकटवायची. तिचा काडीचाही उपयोग झाला नव्हता.

घरी आल्यावर मी जुने मेसेज चाळले. आमची मोठी भांडणं जवळपास सगळी महिन्याच्या २० तारखेनंतरची निघाली. ७ला टीडीएस, १५ला पीएफ, २०ला जीएसटी भरायचा आणि मग समोर पगार. विषय दर वेळी वेगळा, कधी यंत्राचा रंग, कधी कोणाला नोकरीवर घ्यायचं. खाली मात्र बँकेतली शिल्लक. मला वाटतं, भागीदारांचे स्वभाव जुळत नाहीत असं आपण फार लवकर म्हणतो. पैसे किती दिवस पुरणार हे दोघांना एकाच वेळी माहीत आहे का, हे आधी बघावं.

म्हणून आता रोज सकाळी शिल्लक दोघांना दिसते. २५ हजारांवरचा खर्च किंवा परतावा दोघांच्या होकाराशिवाय नाही, आणि कोणी खिशातून पैसे घातले तर त्याच दिवशी सांगायचं. मोठा निर्णय २० तारखेनंतर घ्यायचा नाही. शेतकऱ्यांबाबत शेवटचा शब्द त्याचा, यंत्र आणि हिशेबाबाबत माझा. शेअरचाही करार केला. कंपनीत टिकलं तर चार वर्षांत ते हळूहळू आपले होतात, पहिल्या वर्षाच्या आत कंपनी सोडली तर हाती काही नाही. मैत्रीत असलं लिहायला लाज वाटते खरी. पण १९८१ साली पुण्यात इन्फोसिस काढणाऱ्या सात जणांपैकीही एक जण काही वर्षांनी बाहेर पडलाच. सोडून जाणारा दर वेळी खलनायक नसतो, त्याचाही हिशेब चोख हवा.

एक गोष्ट त्याला विचारून लिहिते आहे. त्या जानेवारीत त्याच्या छातीत धडधडायचं. ईसीजी स्वच्छ आला. डॉक्टरांनी विचारलं, झोप किती? तीन तास. मग तो काही महिने मानसोपचारतज्ज्ञांकडे गेला, गोळ्याही घेतल्या. मला सांगितलं ते उपचार संपत आल्यावर. आमच्या फलकावर आता यंत्राच्या तक्रारींच्या नंबराखाली १४४१६ लिहिलंय, सरकारची टेली-मानस हेल्पलाइन. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. तो त्यानेच लिहिला.

त्या ३१ जणांपैकी १९ जणांनी पुढच्या हंगामात यंत्र घेतलं. तो म्हणतो, ॲडव्हान्स परत केला म्हणूनच आले. मी म्हणते, भाव सुधारला म्हणून आले. मागच्या आठवड्यात सिन्नरच्या वळणावर पुन्हा हाच विषय निघाला. तारीख ९ होती, म्हणून निफाडपर्यंत भांडलो.